नेपल्सची कॉफी

इटलीच्या दक्षिणेस, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याजवळ, एका विस्तीर्ण उपसागराच्या कांठीं नेपल्स हें शहर वसलेलें आहे. तेथील लोक आपल्या भाषेंत त्यास नापोली म्हणतात. तेव्हां आपल्या चालीप्रमाणें त्या लोकांस नापोलीकर म्हणावयास हरकत नाहीं. ह्या शहराच्या आसपास द्राक्षें, लिंबें, अंजिरें विपुल पिकतात. कॉफीचा मळा मात्र औषधालाहि सांपडावयाचा नाहीं. कॉफीचा प्रत्येक दाणा तेथें समुद्र ओलांडून येतो. असें असूनहि कॉफी कशी भाजावी, कशी गाळावी, कितीशी प्यावी, इतकेंच नव्हे तर ती पीत असतांना कोणत्या विषयावर बोलावें, ह्या बाबतींत जगांतील कोणाचेंहि शिष्यत्व पत्करण्यास नापोलीकर तयार नसतो. मिलानचा गृहस्थ नेपल्सला आला म्हणजे त्यास तेथील कॉफी फार काळी, फार कडू आणि फार थोडी वाटते. नापोलीकर मिलानला गेला म्हणजे त्यास तेथील कॉफी प्याला विसळलेल्या पाण्यासारखी वाटते. हा वाद नुसत्या जिभेचा असता तर त्याची कथा सांगण्याचें कारण नव्हतें. परंतु ह्या दोन घोटांच्या प्याल्यांत त्या शहराचें दारिद्र्य, त्याची हौस आणि त्याचा स्वाभिमान अशीं तिन्ही विरघळलेलीं आहेत.

कॉफी इटलींत प्रथम आली ती व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. प्रोस्पेरो अल्पिनी नांवाचा वैद्य इजिप्तमध्यें कांहीं वर्षें राहून आला होता. त्यानें १५९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींवरील ग्रंथांत कॉफीच्या झाडाचें वर्णन आहे. व्हेनिसमध्यें १७२० सालीं उघडलेलें फ्लोरियन नांवाचें कॉफीगृह तर अद्याप प्रसिद्ध आहे. नेपल्सनें मात्र हें पेय उशिरां जवळ केलें. १७६८ सालीं ऑस्ट्रियाची राजकन्या मारिया कारोलिना ही नेपल्सच्या राजाची राणी होऊन आली आणि व्हिएन्नाची कॉफीची आवड तिनें माहेरच्या आंदणाबरोबर आणली, असें परंपरेनें सांगतात. पेयाचा रंग काळा, म्हणून पुष्कळांस तें अपशकुनी वाटे, अशीहि एक कथा आहे. दृष्ट लागूं नये म्हणून शिंगाच्या आकाराचे ताईत जेथें घरोघर बाळगतात, त्या शहरांत असें वाटलें असल्यास नवल नाहीं. तें कसेंहि असो. १७९४ सालापर्यंत विंचेन्झो कोर्रादो नांवाच्या पाकशास्त्रज्ञानें नेपल्समध्यें चॉकोलेट व कॉफी यांच्या कृतीवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलेलें होतें. म्हणजे शकुनाची भीति तोंपर्यंत ओसरली होती.

राजवाड्यांतून ही आवड रस्त्यावर यावयास वेळ लागला नाहीं. एकोणिसाव्या शतकांत पहांटेच्या वेळीं फिरते कॉफीवाले गल्लोगल्लीं हिंडत आणि कामावर निघालेल्या मजुरांस गरम कॉफी विकत. घरोघरीं कच्ची कॉफी आणून ती गच्चींत किंवा सज्जांत कोळशाच्या शेगडीवर, हातानें फिरवावयाच्या पत्र्याच्या डब्यांत भाजण्याची रीत होती. एका घरीं कॉफी भाजली कीं तिचा वास सबंध आळीला कळे. भाजणीचा योग्य रंग सांगण्यासाठीं नापोलीकरांनीं एक सुरेख उपमा योजलेली आहे. दाणा मठांतील साधूच्या झग्याच्या रंगाचा व्हावा, असें ते म्हणतात. ह्या उपमेंत एक खोंच आहे, ती ध्यानांत ठेवावी. साधूचा झगा तपकिरी असतो, कोळशासारखा काळा नसतो. आजच्या नेपल्समधील कांहीं भट्ट्या ही उपमा तोंडानें म्हणतात आणि दाणा मात्र साधूच्या झग्याच्या पलीकडे नेतात. त्याविषयीं पुढें बोलावयाचें आहे.

आतां नेपल्सच्या घरगुती भांड्याकडे वळूं. त्याचें नांव कुकुमेल्ला. नेपल्सच्या घराघरांत तें इतकें रुजलें कीं तें तेथलेंच असावें असें वाटतें. पण त्याची मूळ कल्पना मोरीझ नांवाच्या पॅरिसच्या एका कारागिराची, १८१९ सालची. नेपल्सच्या कारागिरांनीं तें पत्र्याचें, तांब्याचें आणि पुढें ॲल्युमिनियमचें करून आपलेंसें केलें. ह्या भांड्याचे दोन मुख्य भाग. खालच्या भागांत पाणी भरावयाचें. त्याच्या वरच्या अंगास एक बारीक भोंक असतें. त्यावर दोन्ही बाजूंनीं छिद्रें असलेली एक डबी बसवावयाची आणि तींत जाडसर दळलेली कॉफीची पूड घालावयाची. त्यावर दुसरा भाग, ज्याला तोटी असते तो, उपडा बसवावयाचा. सगळें विस्तवावर ठेवून पाणी उकळूं द्यावयाचें. त्या बारीक भोंकांतून वाफेची पिचकारी निघाली, कीं समजावें पाणी तयार आहे. मग भांडें विस्तवावरून काढून एका झटक्यांत उलटें करावयाचें. आतां पाणी वर, तोटीचा भाग खालीं. आणि पाणी आपल्याच भारानें पुडींतून थेंब थेंब खालीं उतरतें. येथें वाफेचा जोर नाहीं, यंत्राचा दाब नाहीं. केवळ गुरुत्वाकर्षण आणि पिणाराचा धीर. आपल्याकडे दक्षिणेंत पितळी गाळणींतून कॉफीचा अर्क उतरवितात, त्याचेंच हें दूरचें भावंड म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतकाच, कीं येथें पाणी उकळण्याचें आणि गाळण्याचें भांडें एकच आहे, आणि उलटण्याच्या क्षणीं हात भाजून घेण्याची पूर्ण सोय आहे.

कॉफी उतरावयास पांच ते दहा मिनिटें लागतात. तेवढ्यांत तोटींतून वास उडून जाऊं नये म्हणून कागदाची एक लहानशी शंकूच्या आकाराची टोपी करून ती तोटीवर बसविण्याची नापोलीकरांची युक्ति आहे. ही क्षुल्लक टोपी नाट्यवाङ्मयांत अमर झाली. नेपल्सचे नाटककार आणि नट एदुआर्दो दे फिलिप्पो यांचें ‘क्वेस्ती फान्तास्मी’, म्हणजे ‘हीं भुतें’, हें नाटक १९४६ सालीं रंगभूमीवर आलें. त्याचा नायक पास्क्वाले लोयाकोनो हा परिस्थितीनें गांजलेला मनुष्य. एका जुन्या वाड्यांत भुतें आहेत असा बोभाटा झालेला असतो. तो खोटा ठरावा म्हणून वाड्याचा मालक त्यास फुकट राहूं देतो. अट एवढीच, कीं त्यानें रोज सज्जांत उभें राहून आपण सुखांत आहों हें शेजाऱ्यांस दाखवावयाचें. दुसऱ्या अंकाच्या आरंभीं तो सज्जांत बसून समोरच्या घरांतील प्राध्यापक सान्तान्ना ह्या गृहस्थास कॉफी करण्याची आपली रीत समजावून सांगतो : भाजणी स्वतःची, दळणें स्वतःचें, आणि तोटीवर ती कागदाची टोपी. प्राध्यापकमहाशय प्रेक्षकांस शेवटपर्यंत दिसत नाहींत कीं त्यांचा शब्द ऐकूं येत नाहीं. प्रेक्षक हंसतात, पण पाहणारास हेंहि कळतें, कीं ज्याच्या घरांत धड मिळकत नाहीं, संसारांत धड विश्वास नाहीं, त्या मनुष्याच्या हातांत स्वतःच्या मनासारखी करतां येईल अशी हीच एक गोष्ट उरलेली आहे. नेपल्सच्या कॉफीविषयीं पुष्कळ ग्रंथ झाले असतील. ह्या एका प्रवेशानें जें सांगितलें तें त्या सर्वांहून अधिक आहे.

हें झालें घरचें. बाहेरची कॉफी म्हणजे एस्प्रेसो, आणि तिचा जन्म नेपल्सचा नव्हे. तिचें पितृत्व उत्तरेकडील कारखानदार शहरांकडे जातें. तुरिनच्या आंजेलो मोरियोन्दो यानें १८८४ सालीं वाफेच्या साहाय्यानें कॉफी करण्याचें यंत्र प्रदर्शनांत मांडलें. परंतु तें एका वेळीं पुष्कळ कॉफी करणारें होतें. मिलानच्या लुइजी बेत्सेरा यानें १९०१ सालीं एकेका प्यालापुरती कॉफी समोरच्या समोर करून देणाऱ्या यंत्राचा हक्क नोंदविला, आणि देसिदेरियो पावोनी यानें तो विकत घेऊन अशा यंत्रांचा कारखाना काढला. एस्प्रेसो ह्या शब्दांत तीन अर्थ एकत्र आले आहेत. मागणाऱ्यासाठीं मुद्दाम केलेली, जलद केलेली, आणि दाबून काढलेली. प्रारंभींच्या यंत्रांत दाब मात्र बेताचाच, सुमारें दीड वातावरणाएवढा असे, आणि वाफेमुळें पाणी इतकें तापे कीं कॉफीला करपट चव येई. ही अडचण मिलानच्याच आकीले गाज्जा यानें दूर केली. त्यानें १९३८ सालीं पहिला हक्क नोंदविला, आणि महायुद्ध संपल्यावर तरफेचें यंत्र बाजारांत आणलें. दांडा खालीं ओढला कीं आंतील दट्ट्या वर जाऊन स्प्रिंग दबते आणि गरम पाणी पुडीवर येतें. दांडा सोडला कीं स्प्रिंग उलगडत दट्ट्यास खालीं लोटते आणि पाणी आठ-दहा वातावरणांच्या दाबानें पुडींतून निघतें. ह्या दाबानें कॉफीवर प्रथमच एक दाट, पिंगट फेस आला. गिऱ्हाइकांस तो आरंभीं मळीसारखा वाटला. तेव्हां गाज्जानें त्याला ‘क्रेमा’, म्हणजे साय, असें नांव देऊन टाकलें आणि तेंच आपल्या जाहिरातीचें बिरुद केलें. नांवाचा महिमा तो हा!

१९६१ साल उजाडलें तेव्हां फाएमा कंपनीनें विजेच्या पंपावर चालणारें यंत्र काढलें आणि इटलीच्या बहुतेक भागांतून तरफ मागें पडली. नेपल्सनें मात्र तिला सोडलें नाहीं. आजहि तेथील अनेक दुकानांत चार-चार दांड्यांचीं यंत्रें चकाकत असतात आणि पांढरा कोट घातलेला माणूस ते दांडे घोड्याच्या लगामासारखे ओढीत असतो. ह्यांत केवळ देखावा नाहीं. पंपाचा दाब पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा राहतो. स्प्रिंगेचा दाब आरंभीं भरपूर असून ती उलगडत जाते तसतसा उतरत जातो. काळसर भाजलेल्या पुडींतून अखेरीस जो जळका कडवटपणा निघावयाचा, तो दाब उतरल्यामुळें कमी खेंचला जातो. म्हणजे नेपल्सची भाजणी आणि नेपल्सची तरफ ह्या एकमेकींस सांवरून घेतात.

नापोली पद्धतीच्या प्याल्याचीं लक्षणें आतां सांगतां येतील. दाणा गडद भाजलेला. मिश्रणांत अरबिका जातीबरोबर रोबस्टा जातीचा भाग चांगला मोठा. पाणी थोडें, इतकें थोडें कीं परक्या माणसास दुकानदार विसरला असें वाटावें. सर्वसाधारण इटालियन एस्प्रेसोचें जें प्रमाण तेथील एका राष्ट्रीय संस्थेनें बांधून दिलेलें आहे त्यांत सात ग्राम पूड, नऊ वातावरणांच्या आसपास दाब, पंचवीस सेकंद वेळ आणि प्याल्यांत पंचवीस मिलिलिटर कॉफी असें गणित आहे. नेपल्सचा प्याला बहुधा ह्याच्या अलीकडेच थांबतो. वर दाट साय. तीवर साखर टाकली तर ती क्षणभर तरंगून मग बुडावी. आणि प्याला कडकडीत गरम. तो उकळत्या पाण्यांत ठेवलेला असतो आणि चिमट्यानें काढून गिऱ्हाइकापुढें मांडतात. अनोळखी माणसाचा ओठ भाजला म्हणजे फळीशीं उभे असलेले चार लोक गंभीर चेहऱ्यानें दुसरीकडे पाहतात. कॉफीच्या अगोदर एक लहान पेला पाणी येतें. तें कॉफीच्या अगोदर प्यावयाचें, जीभ स्वच्छ व्हावी म्हणून. मागाहून पाणी पिणें म्हणजे तोंडांतली चव धुऊन टाकणें; दुकानदार कांहीं बोलत नाहीं, पण त्याला तें लागतें. चांगल्या कॉफीचे तीन गुण नापोलीकर ‘क’ अक्षरानें सांगतात : काल्दो म्हणजे गरम, कारिको म्हणजे जोरदार, आणि कोमोदो म्हणजे निवांत. तिसऱ्या गुणाचें नवल वाटतें, कारण सगळा कारभार उभ्याउभ्यानें दोन मिनिटांत आटोपतो. पण नेपल्समधील दोन मिनिटें आणि इतरत्र दोन मिनिटें यांचें माप एक नाहीं.

रोबस्टाविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण वादाचें मूळ तेथें आहे. कॉफीच्या दोन जाती जगांत मुख्य. अरबिका ही उंच डोंगरांवर होणारी, सुवासिक, किंचित् आंबटसर, महाग. रोबस्टा ही सखल भागांतहि येणारी, रोगास दाद न देणारी, स्वस्त, कडू, आणि तींत उत्तेजक द्रव्य अरबिकेच्या जवळजवळ दुप्पट. रोबस्टांत तेल कमी असल्यामुळें तिची साय अधिक दाट येते व अधिक वेळ टिकते. नेपल्सनें तिला हात दिला तो प्रथम स्वस्ताईमुळें; आणि कडक भाजणीमुळें तिचा रांगडेपणा झांकला जातो, हेंहि त्याला अनुभवानें कळलें. गरज होती तिची आवड झाली, आणि आवडीचा पुढें अभिमान झाला. ह्या बाबतींत भारताचाहि कांहीं वांटा आहे. कोडगु, चिकमगळूर, वायनाड ह्या भागांत धुऊन तयार केलेला रोबस्टा इटालियन व्यापारी फार दिवसांपासून एस्प्रेसोच्या मिश्रणासाठीं घेत आले आहेत. भारताच्या कॉफीचें सर्वांत मोठें गिऱ्हाइक इटलीच आहे. सह्याद्रीच्या दक्षिण टोंकाकडील मळ्यांतला दाणा व्हेसुव्हियसच्या सावलींत भाजला जातो, आणि दोन्हीकडच्या लोकांस एकमेकांचा पत्ता नसतो.

नेपल्सच्या कॉफीच्या गुणाचें कारण विचारलें, तर दहांपैकीं नऊ नापोलीकर एकच उत्तर देतात : आमचें पाणी. १८८४ सालीं नेपल्समध्यें पटकीची भयंकर सांथ आली. पुढच्याच वर्षीं, १८८५ सालीं, सेरिनोच्या झऱ्यांचें पाणी नळांनीं शहरांत आलें आणि लोकांनीं तें देवाच्या प्रसादासारखें मानलें. तेव्हांपासून पाण्यावरची ही श्रद्धा आहे. पाण्यांतील क्षारांचा कॉफीच्या चवीवर परिणाम होतो, हें शास्त्रदृष्ट्या खरेंच आहे. परंतु पुष्कळ दुकानांत यंत्रास पाणी मिळतें तें क्षार काढून टाकणाऱ्या उपकरणांतून गाळून. म्हणजे जें पाणी कॉफीला पोंचतें तें सेरिनोचें राहिलेलेंच नसतें. ही गोष्ट नापोलीकरास सांगून पाहण्यांत अर्थ नाहीं.

आतां आक्षेपांकडे. अलीकडे युरोपांत व अमेरिकेंत कॉफीच्या रसिकांचा एक नवा पंथ निघाला आहे. ते दाणा हलका भाजतात, मळ्याचें नांव विचारतात, आणि फळांच्या व फुलांच्या वासाच्या गोष्टी करतात. त्यांच्या दृष्टीनें नेपल्सची कॉफी म्हणजे जळका कोळसा. १९१८ किंवा १९४८ सालीं असा आक्षेप कोणी घेतला असता तर त्याला हंसण्यावारी नेलें असतें. परंतु २०१४ सालीं इटलीच्याच सरकारी दूरचित्रवाणीवरील एका चौकशीच्या कार्यक्रमांत नेपल्समधील नांवाजलेल्या दुकानांची कॉफी तज्ज्ञांकडून तपासण्यांत आली आणि ती करपट व खंवट असल्याचा निकाल जाहीर झाला, तेव्हां सबंध शहर खवळलें. वृत्तपत्रांतून उत्तरें निघालीं, दुकानांतून भांडणें झालीं. रागाच्या भरांत एक गोष्ट मात्र बाजूस राहिली. तज्ज्ञांचा आक्षेप दोन प्रकारचा होता. भाजणी गडद आहे, हा आवडीचा प्रश्न. त्याला न्यायालय नाहीं. परंतु गडद भाजलेल्या दाण्याचें तेल पृष्ठभागावर येतें, तें हवेनें लौकर बिघडतें, आणि दळण्याच्या यंत्राचें भांडें व गाळणी रोजच्या रोज धुतली नाहीं तर तो खंवटपणा पुढच्या प्रत्येक प्याल्यांत उतरतो. हा आवडीचा प्रश्न नव्हे, स्वच्छतेचा आहे. परंपरेच्या नांवाखालीं अस्वच्छ भांडें खपवून घ्यावें, असें पास्क्वाले लोयाकोनोनेंहि म्हटलें नसतें. उलट नव्या पंथाच्या लोकांनींहि एवढें लक्षांत घ्यावें कीं ज्या शहरानें स्वस्त दाण्यांतून आनंद काढला, त्याला महाग दाण्याचें शास्त्र शिकवितांना आवाज थोडा खालीं ठेवावा.

स्वस्त दाणाहि जेव्हां मिळेनासा झाला, तेव्हांचे दिवस नेपल्स विसरलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कॉफीची आयात बंद पडली. भाजलेले जव आणि चिकोरीचें मूळ यांचा काढा लोक कॉफी म्हणून पीत. ह्या शहरावर बाँबचा वर्षाव झाला, आणि १९४३ सालच्या सप्टेंबरांत लोकांनीं चार दिवस रस्त्यारस्त्यांतून जर्मन सैन्याशीं सामना दिला. एदुआर्दो यांचें ‘नापोली मिलियोनारिया’ हें १९४५ सालचें नाटक त्या काळांतलें आहे. त्याच्या पहिल्या अंकांत एक गृहिणी आपल्या तळघरवजा खोलींत काळ्याबाजारची खरी कॉफी करून शेजाऱ्यांस विकते. पोलीस आले म्हणजे तिचा नवरा मेल्याचें सोंग घेऊन पलंगावर पडतो, कारण चोरटा माल पलंगाखालीं असतो. कॉफीसाठीं माणसास आपलें मरण रंगवावें लागतें, ह्याहून त्या दिवसांचें वर्णन तें काय करावयाचें?

दारिद्र्याच्या ह्याच मातींतून नेपल्सची सर्वांत प्रसिद्ध रूढि उगवली आहे. तिचें नांव काफे सोस्पेसो. सोस्पेसो म्हणजे तहकूब ठेवलेली, अधांतरीं राहिलेली. एखादा गृहस्थ खुशींत असला, त्यास कांहीं लाभ झाला, म्हणजे तो एक कॉफी पितो आणि पैसे दोन कॉफींचे देतो. दुसरी कॉफी दुकानांत शिल्लक राहते. पुढें केव्हां तरी एखादा गरजू मनुष्य दारांतून डोकावून विचारतो, कीं सोस्पेसो कांहीं आहे काय? असली तर त्यास ती मिळते. देणारास घेणारा ठाऊक नाहीं. घेणारास देणारा ठाऊक नाहीं. आपल्याकडे दुकानांत उधारीची वही असते. ही तिची उलटी बाजू म्हणावयाची. दान म्हणून पाहिलें तर रक्कम अगदीं क्षुल्लक. परंतु भुकेल्यास भाकरी देणें निराळें आणि त्यास कॉफी देणें निराळें. भाकरीवांचून मनुष्य जगत नाहीं, म्हणून ती दिली जाते. कॉफीवांचून जगतो, पण चारचौघांसारखा दुकानाच्या फळीशीं उभा राहूं शकत नाहीं. नेपल्सचे लेखक लुचानो दे क्रेशेन्झो यांनीं ह्या रूढीचें नांव आपल्या २००८ सालच्या पुस्तकास दिलें, आणि २०११ सालीं १० डिसेंबर हा दिवस सोस्पेसोचा दिवस म्हणून पाळण्यास सुरुवात झाली. एव्हांना ही रूढि इतर देशांतहि पोंचली होती. प्रवाशांस ती फार आवडते, आणि जी गोष्ट प्रवाशांस फार आवडते ती हळूहळू देखाव्याची होऊं लागते, ही भीति येथेंहि आहेच. तरी आर्थिक मंदीच्या वर्षांत तिचें पुनरुज्जीवन व्हावें, हा योगायोग नव्हे.

कॉफीचें हें कौतुक सर्वांनाच मान्य होतें असें मात्र नाहीं. पिनो दानियेले ह्या तरुण नापोली गायकानें १९७७ सालीं कॉफीच्या लहानशा प्याल्यावर एक गाणें प्रसिद्ध केलें. वरवर तें लाडिक वाटतें. पण त्याचा रोख असा, कीं राज्यकर्ते शहर लुबाडीत आहेत आणि लोकांची समजूत एका प्याल्यावर काढली जाते. नेपल्समधील लोक आज तें गाणें आनंदानें गुणगुणत कॉफी पितात. उपरोधास याहून मोठी शिक्षा नाहीं.

शहरांतील सर्वांत भपकेदार कॉफीगृह गाम्ब्रिनुस हें राजवाड्याच्या जवळ आहे. १८६० सालीं स्थापन झालेल्या आणि १८९० च्या सुमारास चित्रांनीं नटविलेल्या ह्या दालनांत कवि, चित्रकार व राजकारणी मंडळी बसत. १९३८ सालीं फॅसिस्ट राजवटीच्या अधिकाऱ्यानें तें बंद करविलें, आणि तें पुन्हां सुरू व्हावयास तीसांहून अधिक वर्षें जावीं लागलीं. सरकारें कॉफीला भितात तीं चवीमुळें नव्हे, हें सांगावयास नकोच.

अगदीं अलीकडे नेपल्सच्या कॉफीस राष्ट्रसंघाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत जागा मिळावी अशी खटपट झाली. नेपल्सच्या पिझ्झा भाजणाऱ्यांच्या कलेस ती जागा २०१७ सालीं मिळालेली होतीच. परंतु कॉफीच्या बाबतींत उत्तरेकडील व्हेनेतो प्रांतांतूनहि एक अर्ज गेला, आणि कॉफी कोणाची ह्यावर जुनें भांडण जुंपलें. अखेर दोन्ही अर्ज जोडून व्हेनिसपासून नेपल्सपर्यंतची कॉफी असा एकच अर्ज करण्यांत आला; २०२२ सालीं इटलीच्या राष्ट्रीय समितीनें तो बाजूस ठेवून ऑपेरा-गायनाची शिफारस केली. नेपल्सच्या दुकानांत ह्या निर्णयाचें दुःख दोन दिवस टिकलें असेल. दुकानदारांस खरी चिंता भावाची आहे. जी रोबस्टा गरिबाची म्हणून घेतली, तिचा भाव २०२४ सालीं जागतिक बाजारांत पूर्वीं कधीं नव्हता इतका चढला. उभ्यानें पिण्याची कॉफी कोणासहि परवडावी, हा इटलींत जवळजवळ नागरिकाचा हक्क समजतात. किंमत दहा सेंटांनीं वाढली तरी वृत्तपत्रांत बातमी येते. ती अधिक चढली तर सोस्पेसो मागणारे वाढतील आणि ठेवणारे कमी होतील.

आणि कुकुमेल्ला? १९३३ सालीं आल्फोन्सो बियालेत्ती यानें मोका नांवाचें ॲल्युमिनियमचें भांडें काढलें. त्यांत वाफेच्या जोरानें पाणी आपोआप वर चढतें. उलटावयास नको, थांबावयास नको. युद्धानंतर ह्या भांड्यानें इटलीचीं स्वयंपाकघरें जिंकलीं आणि कुकुमेल्ला फळीवर जाऊन बसली. १९७९ सालीं रिक्कार्दो दालिसी नांवाच्या वास्तुशास्त्रज्ञाकडे आलेस्सी ह्या कारखान्यानें तिच्या अभ्यासाचें काम सोंपविलें. दालिसी कारखान्यांत बसले नाहींत. नेपल्सच्या रुआ कातालाना ह्या गल्लींत पत्र्याचें काम करणाऱ्या कारागिरांबरोबर बसून त्यांनीं वर्षानुवर्षें नमुने केले, दोनशेंच्या वर. त्या संशोधनास १९८१ सालीं इटलींतील रचनाकलेचें मोठें पारितोषिक मिळालें, आणि १९८७ सालीं त्यांची कुकुमेल्ला विक्रीस आली. पण खरी गंमत आहे ती न विकलेल्या नमुन्यांत. त्यांतील कित्येक भांड्यांस दालिसींनीं हातपाय, नाक व टोपी दिली आहे. कोणी पुल्चिनेल्ला ह्या लोकनाट्यांतल्या विदूषकासारखें दिसतें, कोणी तोतो ह्या नापोली नटासारखें.